खेडेगावची घोडेशर्यत : तिची मांडणी व तिचा हिशेब

सुगी संपून खळी रिकामी झाली की आपल्या इकडे जत्रांचे दिवस सुरू होतात; आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड व जनावरांची शर्यत ही दोन अंगे तिला बहुधा असावयाचीच. पैकी कुस्तीच्या फडाची शिस्त आपल्या लोकांस पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. चीतपट कशास म्हणावे याविषयी दोन गावांत वाद होत नाही. शर्यतीची गोष्ट तशी नाही. जे जनावर पुढे ते जिंकले, एवढेच शर्यतीचे शास्त्र आहे असे सर्वांस वाटते. आम्हांसही एके काळी तसेच वाटत असे. तो समज कसा गेला हे प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळू.

सरकारी नोकरीत लागून आम्हांस दोनतीन वर्षे झाली असतील. कृष्णाकाठच्या एका गावी जत्रेच्या बंदोबस्ताकरिता वरिष्ठांबरोबर आमचीही रवानगी झाली. गावकऱ्यांनी घोड्यांची शर्यत ठेविली होती. आदल्या सायंकाळी गावचे वयोवृद्ध पाटील चावडीत आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आपले अक्षर चांगले आहे. शर्यतीच्या चार अटी कागदावर उतरवून द्याल तर बरे होईल."

आम्ही वयाने लहान, पण कचेरीचा ताठा अंगात होता. आम्ही म्हणालो, "पाटील, शर्यतीला कागद कशाला हवा? पुढे येईल तो जिंकला!" पाटील हसले नाहीत. रामराम करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अखेरच्या फेरीत दोन गावचे दोन घोडे अंगाला अंग लावून आले. एका गावाचे म्हणणे, शर्यत निंबाच्या झाडापाशी संपते. दुसऱ्याचे म्हणणे, त्यापुढच्या पांढऱ्या धोंड्यापाशी. दोहोंत अंतर चाळीस पावलांचे. निंबापाशी एक घोडा पुढे होता, धोंड्यापाशी दुसरा. प्रथम शब्द, मग काठ्या, मग दगड. त्या गर्दीत एक घोडा बुजून सुटला आणि बाराएक वर्षांचा एक मुलगा त्याच्या टापांखाली सापडला. मुलगा वाचला, परंतु पाय कायमचा अधू झाला. पंचनामा लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. 'शर्यतीचा शेवट कोठे ठरला होता?' या प्रश्नापुढे 'याविषयी लेखी काही नाही' हे शब्द आम्हांस आमच्याच हाताने लिहावे लागले. त्या गावची शर्यत पुढे नऊ वर्षे बंद होती.

सेवेतून मोकळे झाल्यावर वाचनास सवड मिळाली, तेव्हा या विषयाचा माग आम्ही मुद्दाम काढला. शहरातील श्रीमंतांच्या घोडेशर्यतींविषयी पुष्कळ लिहिलेले आढळते. परंतु आम्हांस हवी होती ती खेड्यातील, शेतकऱ्यांनी स्वतः भरविलेल्या शर्यतीची माहिती. ती ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात विपुल मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशातील मेंढपाळ, गुरेपाळ व गहू पिकविणारे लोक आपापल्या गावी ही शर्यत कशी मांडीत असत, ते आमच्या वाचकांस उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहो.

मुलूख व माणसे

ऑस्ट्रेलियात पहिली रीतसर घोडेशर्यत १८१० साली सिडनी येथे हाइड पार्कच्या मैदानावर झाली. मेलबर्न शहरचा प्रसिद्ध 'कप' १८६१ साली सुरू झाला. परंतु या देशाचा विस्तार एवढा, आणि वस्ती एवढी विरळ, की शहरची शर्यत पाहण्यास जाणे आतल्या मुलखातील माणसास शक्यच नसे. एकेका पशुपालकाच्या ताब्यात कित्येक कोस जमीन. शेजाऱ्याचे घर गाठावयास घोड्यावरून अर्धा दिवस. घोडा हेच त्यांचे वाहन, घोडा हेच गुरे वळण्याचे साधन, आणि वर्षातून एकदा चार माणसांची तोंडे पाहण्याचे निमित्तही घोडाच.

क्वीन्सलंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, डायमंटिना नदीच्या काठी बर्ड्सव्हिल म्हणून एक लहान गाव आहे. ब्रिस्बेन शहरापासून ते सुमारे १६०० किलोमीटर पश्चिमेस, वाळवंटाच्या तोंडाशी. तेथे पहिली शर्यत सप्टेंबर १८८२ मध्ये झाली. त्या काळी ऑस्ट्रेलियातील वसाहती एकमेकींपासून वेगळ्या होत्या आणि एका वसाहतीतून दुसरीत गुरे हाकून न्यावयाची तर सरहद्दीवर जकात द्यावी लागे. बर्ड्सव्हिल हे अशाच जकातीच्या नाक्याचे गाव. त्या वाहतुकीवर तेथील खानावळी, लोहाराचे दुकान व बाजार चालत असे. १९०१ साली सर्व वसाहतींचे एक संघराज्य झाले, आंतरवसाहती जकात उठली आणि गावची वस्ती झपाट्याने ओसरली. आम्ही महसूल खात्यातील माणसे. नाका उठला की गाव कसे उठते हे आम्हांस सांगावयास नको. परंतु बर्ड्सव्हिलची शर्यत उठली नाही. नाक्याच्या जिवावर आलेली माणसे गेली, आणि शर्यतीच्या निमित्ताने जमणारी आजतागायत दर सप्टेंबरात जमतात. शंभरएक वस्तीच्या गावात त्या दिवसांत हजारो लोक येतात. एवढे आयुष्य एखाद्या शर्यतीस कशाने लाभते, हाच आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

समिती व नियम

शर्यतीची तयारी काही महिने आधी गावच्या हॉटेलात किंवा सार्वजनिक सभागृहात सभा भरवून होई. सभेत अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडीत. मग कामे वाटीत. शर्यतीवर देखरेख करून तंटे तोडणारे पंच, ज्यांस तिकडे स्टुअर्ड म्हणतात, ते निराळे. शर्यत सोडणारा निराळा. शेवटच्या खांबासमोर बसून निकाल देणारा निराळा. घोड्यांवरील भार ठरविणारा निराळा. आणि स्वारांचे वजन करणारा काट्याचा कारकून, तोही निराळा. हे शेवटचे पद वाचून आम्हांस थोडा अभिमान वाटला हे कबूल करतो. लहान गावी एकाच माणसाच्या गळ्यात दोन कामे पडत; परंतु सोडणारा व निकाल देणारा ही माणसे एक नसावीत हे उघडच आहे, कारण एक मैदानाच्या एका टोकास असतो व दुसरा दुसऱ्या.

नियम गावाने नव्याने रचावयाचे नसत. न्यू साउथ वेल्समध्ये सिडनीचा ऑस्ट्रेलियन जॉकी क्लब आणि व्हिक्टोरियात मेलबर्नचा व्हिक्टोरिया रेसिंग क्लब या मुख्य संस्था होत्या. गावच्या क्लबाने त्यांच्याकडे नोंद करावयाची, कार्यक्रम मंजूर करून घ्यावयाचा, आणि त्यांच्या छापील नियमांप्रमाणे शर्यत चालवावयाची. बिननोंदणीच्या शर्यतीत धावलेल्या घोड्यास व स्वारास नोंदलेल्या शर्यतींची दारे बंद होत. एका गावी लबाडी करून दुसऱ्या गावी तोंड वर करून जाण्याची सोय त्यामुळे राहत नसे. गावाचा मान गावाकडे, पण नियमाचा अधिकार गावाबाहेर; यामुळे पंचांवर भाऊबंदकीचा दाब कमी पडे.

कार्यक्रम वर्तमानपत्रात छापून येई व हॉटेलांच्या भिंतींवर लागे. त्यात प्रत्येक शर्यतीचे अंतर, बक्षीस, नोंद करण्याची शेवटची तारीख व कोणता घोडा चालेल हे स्पष्ट असे. अद्याप एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांसाठी एक. रोजच्या कामाच्या घोड्यांसाठी एक. ठराविक उंचीखालील तट्टांसाठी एक. दिवसाची मुख्य शर्यत म्हणजे गावचा 'कप'. आणि शेवटी दिवसभरात हरलेल्यांसाठी एक. हरलेल्यांसाठी शर्यत ठेवण्याची ही कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. दूरवरून आलेला मनुष्य रिकाम्या हाताने व कडू मनाने परत जाऊ नये, हा तिचा हेतू.

पैसा कोठून येई

बक्षिसाचा पैसा चार वाटांनी येई. पहिली वाट वर्गणीची. यात मोठे पशुपालक, दुकानदार व हॉटेलवाले असत. दुसरी घोडेवाल्यांच्या नोंदणी-फीची. तिसरी मैदानाच्या दरवाजावरील तिकिटाची. चौथी वाट लिलावाची : मैदानावर दारू, जेवण व फळफळावळ विकण्याच्या मांडवांचा हक्क, शर्यतीपूर्वी काही दिवस जाहीर लिलावाने देत. आपल्याकडे जत्रेतील जागांचा लिलाव होतो तसाच हा प्रकार.

नोंदणी-फीची रीत समजून घेण्यासारखी आहे. ती दोन हप्त्यांत घेत. समजा, कपाचे बक्षीस ३० पौंडांचे आहे. प्रथम १२ घोडेवाल्यांनी प्रत्येकी १० शिलिंग भरून नावे नोंदविली. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे ६ पौंड आले. मग प्रत्येक घोड्यावर किती भार द्यावयाचा ते जाहीर झाले. ज्यास आपला भार मान्य, त्याने आणखी १० शिलिंग भरून कबुली द्यावयाची. ज्यास अमान्य, त्याने पहिले १० शिलिंग सोडून घरी बसावयाचे. समजा, आठजणांनी कबुली दिली. आणखी ४ पौंड आले. एकूण १० पौंड घोडेवाल्यांचे. उरलेले २० वर्गणी, तिकीट व लिलाव यांतून. एकदा कबुली दिली की भार जास्त पडला ही तक्रार संपली, कारण आकडा पाहूनच पैसे भरलेले असतात. तंटा मैदानावर येऊ द्यावयाचा नाही, तो कागदावरच मिटवावयाचा, हे या दोन हप्त्यांचे मर्म होय.

भाराची आकारणी

आता भार म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत यास हँडिकॅप म्हणतात. आमच्या जमीनदार वाचकांस तो एका वाक्यात समजेल : ही जमिनीची आकारणी आहे. काळ्या कसदार जमिनीस आकार जास्त, मुरमाड बरडास कमी, म्हणजे दोन्ही खातेदारांवर बोजा सारखा बसतो. तसेच येथे. ज्या घोड्याने पूर्वी पुष्कळ शर्यती जिंकल्या त्याच्यावर भार जास्त. जो दुबळा किंवा नवखा त्याच्यावर कमी. स्वार, खोगीर व लागेल तितक्या शिशाच्या पट्ट्या मिळून ठरलेले वजन भरावयाचे. आकारणी पक्की साधली तर सर्व घोडे शेवटच्या खांबापाशी एकाच ओळीत यावेत. तसे कधी होत नाही, म्हणूनच शर्यतीत रंग असतो.

या आकारणीचे बळ किती, याचे छापील दाखले मेलबर्न कपात मिळतात. १८९० साली कार्बाइन नावाच्या घोड्यावर सुमारे ६६ किलो भार होता आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नवर सुमारे ४२ किलो. दोहोंत २४ किलोंचा फरक, आणि एकूण ३९ घोडे धावत असता कार्बाइन जिंकला. उलट १९३१ साली फार लॅप या विख्यात घोड्यावर ६८ किलो भार ठेविला, तेव्हा आदल्याच वर्षीचा हा विजेता आठवा आला. कार्बाइनने आकारणी भरूनही शिल्लक दाखविली. फार लॅपला ती पेलली नाही.

गावच्या शर्यतीत हे काम नाजूक असे. भार ठरविणाऱ्याने प्रत्येक घोड्याची मागील कामगिरी लिहून ठेवावयाची, आणि शेजाऱ्याच्या, प्रसंगी वर्गणी देणाऱ्या धनिकाच्या घोड्यावरही जास्तीचा भार घालावयाचा. जमीन मोजणाऱ्याच्या अंगी जो निगरगट्टपणा लागतो, तोच येथे लागतो.

गवतावरचे घोडे

शेतकऱ्यांस विशेष कळेल अशी आणखी एक रीत होती. काही शर्यती केवळ गवतावर पोसलेल्या घोड्यांच्या असत. श्रीमंताचा घोडा तबेल्यात ओटवर वाढावयाचा आणि गरिबाचा कुरणात चरावयाचा. मग दोघांची शर्यत ती काय? यावर उपाय असा की, शर्यतीपूर्वी काही आठवडे सर्व घोडे समितीच्या देखरेखीखाली एकाच कुंपणाच्या कुरणात सोडावयाचे. तेच गवत, तेच पाणी. मग ज्याचे रक्त चांगले व ज्याचा स्वार शहाणा, तो पुढे येईल. अशा शर्यतींत स्वारही पगारी नसत. मालक स्वतः किंवा त्याची मुले, शेजारी बसत. भाराने घोड्यांची कुवत सारखी केली, कुरणाने मालकांची ऐपत सारखी केली. या दोन युक्त्या ज्याने काढल्या त्यास खेड्याचा स्वभाव पुरता कळला होता यात संशय नाही.

अवर्षणात मात्र हे सारे थांबे. १८९५ ते १९०२ या वर्षांत ऑस्ट्रेलियात भयंकर दुष्काळ पडला. मेंढरे व गुरे मोजदादीपलीकडे मेली. कुरणात काडी नसता घोडे धावविण्याचा हट्ट कोण धरील? गवत नाही तर शर्यत नाही, हे सूत्र आपणही ध्यानात ठेवावे.

शर्यतीचा दिवस

मैदान गावाजवळच्या सपाट जागेवर आखीत. खुंट उपटणे, सशांची व इतर बिळे बुजविणे, दगड वेचणे ही कामे गावकरी अंगमेहनतीने करीत, कारण एका बिळात घोड्याचा पाय गेला की घोडाही गेला आणि स्वारही. आतल्या अंगास लाकडी कठडा, प्रेक्षकांसाठी फांद्यांचा मांडव. कठड्यापलीकडे शर्यत चालू असता कोणी उतरावयाचे नाही. त्यासाठी घोडेस्वार रखवालदार ठेवीत.

प्रत्येक शर्यतीपूर्वी स्वार खोगिरासह काट्यावर बसे आणि कारकून वजन लिहून घेई. मग घोडे सुटण्याच्या जागी जात. पूर्वी निशाण पाडून शर्यत सोडीत; घोडे उतावळे, एकाचे पाऊल पुढे जाई, आणि 'सुट चुकली' म्हणून गलका होई. हा तंटा मिटविण्यास अलेक्झांडर ग्रे नामक गृहस्थाने घोड्यांच्या पुढे दोरी धरून ती झटक्यासरशी वर उडविण्याचे यंत्र काढले. ते प्रथम १८९४ साली सिडनीजवळील कँटरबरी पार्क येथे वापरले गेले. सांगतात ते असे की, त्याच्या जॉकी मुलास खडूच्या रेघेवर घोड्याचे पाऊल पडले म्हणून दंड झाला होता, त्यावरून त्यास ही कल्पना सुचली.

शेवटच्या खांबासमोर मैदानाच्या दुसऱ्या बाजूस उंच पेटीत निकाल देणारा बसे. त्याचा डोळा व तो खांब यांच्यामधील सरळ रेषा हाच शर्यतीचा शेवट. निंब नव्हे आणि धोंडाही नव्हे! दोन खुणा समोरासमोर ठेविल्या की रेषा एकच होते, ही साधी गोष्ट आम्हांस त्या वर्षी सुचली असती तर एका मुलाचा पाय वाचला असता.

निकाल लागला तरी बक्षीस लगेच मिळत नसे. स्वारांनी परत येऊन काट्यावर बसावयाचे. वाटेत शिसे टाकून भार हलका केला काय, हे तेथे कळे. वजन बरोबर भरले असे कारकुनाने सांगितल्यावरच निकाल पक्का. कोणास हरकत घ्यावयाची असेल तर ती पंचांकडे अनामत रक्कम भरून घ्यावी लागे. हरकत पोकळ ठरली तर अनामत जप्त होऊ शके. पैसे टाकून ओरडावयाचे असले की फुकट ओरडणारे गप्प बसतात.

रात्री हॉटेलात हिशेबाची बैठक होई. बक्षिसे चुकती करीत, पावत्या घेत, आणि मग नाचगाणे. शिल्लक राहिली तर ती कित्येक गावी स्थानिक इस्पितळास देत. त्या एकाकी मुलखात इस्पितळ म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. तेव्हा वर्गणी देणारा मनुष्य केवळ करमणुकीस पैसे देत नसे. बर्ड्सव्हिलच्या शर्यतीतून आजही विमानाने रोग्यांकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेस मदत जाते. ही विमान-वैद्यक सेवा १९२८ साली सुरू झाली.

दोष व त्यांचा बंदोबस्त

एवढे गुण सांगितले म्हणजे दोष नव्हते असे नाही. पहिला दोष जुगाराचा. बुकी लोक शर्यतीमागोमाग गावोगाव फिरत आणि मजुरांची वर्षाची कमाई एका दुपारी गिळीत. शहरांत तर मैदानाबाहेर, दुकानांतून व गल्ल्यांतून पैजा लागत. म्हणून १९०६ साली न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या दोन्ही राज्यांनी कायदे करून मैदानाबाहेरील पैजांस आळा घातला. आपल्या मुंबई इलाख्यातही शर्यतीच्या मैदानांस परवाना लागावा म्हणून १९१२ साली कायदा झाला. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा त्यापूर्वीचा.

दुसरा दोष बदली घोड्याचा. नामांकित घोडा नाव बदलून, प्रसंगी रंग लावून, नवख्यांत धावविणे ही जुनी लबाडी. १९८४ साली ब्रिस्बेन येथे फाइन कॉटन नावाच्या सामान्य घोड्याच्या जागी दुसराच चांगला घोडा रंगवून धावविला. तो पकडला गेला व पुष्कळांस शिक्षा झाली. बैलबाजारात शिंगे तासून व रंगवून म्हातारा बैल तरुण करणारे लोक आपण पाहिले आहेत. तेव्हा या बाबतीत आपणांस शिकवणीची गरज नाही.

तिसरा दोष जनावरांच्या हालांचा, आणि त्यास क्षमा नाही. आजारी किंवा लंगडा घोडा धावू नये हे पाहणारा पशुवैद्य मैदानावर हवाच. २००७ साली ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा बर्ड्सव्हिलच्या शर्यतीत घोडे धावले नाहीत. शंभर वर्षांहून जुनी परंपरा. तरी जनावरासाठी ती थांबविली.

या शर्यतींनी घोड्यांची पैदास सुधारली की नाही, याविषयी मतभेद होतील. एवढे खरे की, न्यू साउथ वेल्सच्या नावावरून 'वेलर' म्हणून ओळखले जाणारे काटक घोडे जहाजे भरभरून हिंदुस्थानात लष्करासाठी येत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून एक लाखाहून अधिक घोडे परदेशी गेले. त्यांपैकी सँडी नावाचा एकच मायदेशी परतला. गावच्या कुरणात वाढलेल्या जनावरांची ही परिणती वाचून मन उदास होते.

आपल्याकडे काय घेता येईल

आपल्याकडे शर्यतींचा प्रश्न अलीकडे न्यायालयापर्यंत गेला होता, हे वाचक जाणतातच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेणे व जनावरांस क्रूरतेने न वागविणे या अटी त्यात आहेत. पुष्कळ लोक या अटींस जाच समजतात. आम्ही तसे समजत नाही. सात वर्षांची बंदी ज्यांनी सोसली त्यांस अटींची किंमत कळावयास हवी. शर्यत मोडते ती अटींनी नव्हे. अटी नसल्याने मोडते.

सरकारी परवानगी ही तर पाहिजेच. परंतु तिच्याखेरीज गावाने आपला एक कागद करावा अशी आमची सूचना आहे. त्यात पुढील कलमे असावीत :

१. शर्यत कोठून सुटणार व कोठे संपणार; दोन्ही ठिकाणी समोरासमोर दोन खांब व त्यांमध्ये फक्कीची रेघ.

२. सोडणारा कोण, निकाल देणारा कोण, पंच कोण; निकाल देणारा शक्यतो परगावचा.

३. कोणती जनावरे चालतील. जनावराचा रंग, खुणा व मालकाचे नाव आदल्या दिवशी नोंदवहीत.

४. नोंदणीची फी, तिची पावती, व बक्षिसाची रक्कम शर्यतीपूर्वी पंचांच्या हाती रोख.

५. हरकत अनामत भरूनच, व निकालानंतर ठराविक वेळेच्या आत.

६. पशुवैद्याने नापसंत केलेले जनावर धावणार नाही. मालक कोणीही असो.

७. प्रेक्षकांसाठी दोन्ही बाजूंस मजबूत कठडा. मुले कठड्याच्या आत नाहीत.

८. जमाखर्च आठ दिवसांत चावडीवर लावावा, आणि शिल्लक कोणत्या कामास जाणार ते आधीच लिहावे.

हा कागद एका पृष्ठात बसतो. तो जत्रेपूर्वी दवंडी पिटून वाचून दाखवावा व चावडीच्या भिंतीस चिकटवावा.

ज्या गावची हकीगत आम्ही आरंभी सांगितली, तेथे नऊ वर्षांनी पुन्हा शर्यत भरविण्याचे ठरले, तेव्हा तेथील मंडळी आमच्याकडे आली. वृद्ध पाटील तोपर्यंत निवर्तले होते. या खेपेस आम्ही कागद कशाला हवा असे विचारले नाही. कचेरीतून परस्पर निघालो, चावडीत बसलो, आणि आम्हांस त्या वेळी सुचली तितकी कलमे लिहून दिली. शर्यत सुरळीत पार पडली. जमाखर्चाची वही सांभाळावयास गावाने एक तरुण नेमिला होता. तो वही घेऊन आमच्यापाशी आला तेव्हा त्याच्या चालण्यावरून आम्ही त्यास ओळखले. त्याने आमच्यापुढे वही उघडली. बेरीज बरोबर होती. आम्ही सही केली. दुसरे काही बोलवले नाही.

ज्या गावी असा कागद पूर्वीपासून चालत असेल, तेथील वाचकांनी त्याची एक नक्कल संपादकांकडे अवश्य पाठवावी. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावास उपयोगी पडावा, याचसाठी आपली ही संस्था व हे मासिक आहे.